पुढची खोली आणि सात मासे

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, शिक्षण चौथी, धंदा इस्त्रीचा, आज हा कागद स्वतःच्या हाताने लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला. त्यांनी आजची तारीख विचारली, ती मी सांगितली. वर त्यांच्या कोटाच्या कॉलरला उलट्या बाजूने इस्त्री फिरली आहे हेही सांगितलं. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला आलेल्यांना चहा पाजून परत पाठवलं आहे.

वकिलाने आधी स्वतःच एक मसुदा करून आणला होता. त्यात मी 'सदरहू' होते. एवढ्या आयुष्यात मला कोणी सदरहू म्हटलं नव्हतं. मग ठरलं की लिहायचं मी आणि ऱ्हस्वदीर्घ त्याने बघायचं. सगळ्यांची नावं आणि घराचा नंबर त्याच्या कागदावर आहे. इथे मी नात्याने लिहिते, म्हणजे ज्याला त्याला आपण कोण ते आठवेल.

कलम एक. हे सगळं कशासाठी, ते आधी सांगते. माझी एकुलती नात, म्हणजे माझ्या मुलाची मुलगी, सातव्या महिन्यात आहे. ती आणि तिचा नवरा एका बेकरीच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीत राहतात. घरमालकाने सांगितलं आहे की रडणारं मूल चालणार नाही. न रडणारं कुठे मिळतं ते सांगितलं नाही. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, तिच्याशी दीड वर्ष बोलत नाही. आणि तोच बाप गेल्या महिन्यात टेप घेतलेला एक माणूस आणून माझं घर मोजून गेला. "आई, तू आमच्याकडे ये, हे विकून टाकू." मी विचारलं, "मलाही मोजणार आहेस का?" तेव्हा टेपवाला हसला, मुलगा हसला नाही.

कलम दोन. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे दोरी बांधायला जागा. हे घर इस्त्रीवर उभं राहिलं आहे. पुढच्या खोलीत मी चौतीस वर्षं टेबलामागे उभी होते. आमचे हे मागच्या खोलीत बसून रेडिओ दुरुस्त करायचे. घर सगळंच्या सगळं नातीचं. मुलाला नाही. त्याला त्याचं घर आहे, त्यात मोठी काचेची पेटी आहे, पेटीत मासे आहेत. माशांबद्दल पुढे येतंच आहे.

कलम तीन. रेडिओ. ह्यांनी हौसेने जमवलेले नऊ. दुरुस्त झालेला एकही नाही. ज्याला हवे त्याने न्यावेत, पण नऊच्या नऊ न्यावेत. निवडत बसायचं नाही.

कलम चार. सुनेला माझी मिठाची बरणी. अठरा वर्षं आम्ही एका स्वयंपाकघरात होतो. मी पाठ फिरवली की ती भाजीत चिमूटभर मीठ टाकायची आणि तिला वाटायचं मला कळत नाही. मला कळत होतं, म्हणून मी आधीच कमी घालत होते. त्यामुळे अठरा वर्षं भाजी बरोबर झाली आणि श्रेय तिने घेतलं. बरणी काचेची आहे, जपून ने गं.

कलम पाच. जड इस्त्री समोरच्या शिंप्याला. बावीस वर्षांपूर्वी एका नवरदेवाचा कोट जळला. शिंपी म्हणतो इस्त्री तापली होती, मी म्हणते कापड नकली होतं. आता इस्त्री त्याच्याकडेच जाते आहे. तापवून बघ म्हणावं. खरं तर मी त्याला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. तेव्हा वकील म्हणाला, "आजी, ज्याला कागदातून काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नसते." मी शिंप्याला विचारलं, "सही करतोस की इस्त्री घेतोस?" त्याने घटकाभरही विचार केला नाही. त्याची जागा कोपऱ्यावरच्या औषधवालीने घेतली. तिला मी काही देत नाही, तिने मला आयुष्यभर कडू गोळ्याच दिल्या.

कलम सहा. मांजर. त्याला सगळे जमादार म्हणतात, कारण कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवतं. मांजर कोणाला देता येत नाही. त्याने आधीच ठरवलं आहे. नात आली की तिच्या पोटाला टेकून झोपतं, आणि आतून लाथ बसली की डोळे उघडून माझ्याकडे तक्रार करतं.

कलम सात. नातजावयाला माझी सगळी भांडी. तो आचारी आहे, बेकरीत केक करतो. पोरगा घाबरट, पण हात चांगला. आणि त्याचं मी एक देणं लागते, जे भांड्यांनी फिटणार नाही.

दीड वर्षापूर्वी तो मुलाच्या घरी पहिल्यांदा आला, नातीला मागणी घालायला. येताना दोन मजली केक घेऊन आला. माणसं आम्ही पाच. बोलायचं सुचेना म्हणून तो बिचारा संध्याकाळभर माशांच्या पेटीपाशी उभा राहिला, आणि मुलाने सांगितलं म्हणून चिमूटभर खाणं टाकलं. सकाळी सातही मासे पोट वर करून तरंगत होते. मुलाने ते कुंडीत पुरले. त्याचा बाप गेला तेव्हा तो एवढा रडला नव्हता. मग म्हणाला, "ज्याला मासे सांभाळता येत नाहीत तो माझी मुलगी काय सांभाळणार?" नात म्हणाली, "बाबा, मी मासा नाही." आणि गेली. लग्न दोघांनी कचेरीत केलं.

ते मासे मी मारले.

त्या रात्री मी मुलाकडेच मुक्कामाला होते, पाहुणे गेल्यावर ताटं मी आवरली. केकचा चुरा, उरलेले तुकडे, क्रीम, सगळं एका ताटात होतं. आमच्या घरात खाण्याचं टाकत नाहीत. कोंबड्या होत्या तेव्हा कोंबड्यांना, कुत्रा होता तेव्हा कुत्र्याला. तिथे तोंड उघडणारे मासेच होते. मला वाटलं, मेजवानी होईल.

सकाळी बोलले नाही, कारण सुनेसमोर चूक कबूल करायची मला सवय नाही. दुसऱ्या दिवशी बोलले नाही, कारण पहिल्या दिवशी बोलले नव्हते. असं करत करत दीड वर्ष झालं.

कलम आठ. हे लिहून झाल्यावर मला बरं वाटलं. म्हटलं, मी गेल्यावर वाचतील, तेव्हा बोलणी खायला मी असणार नाही. मग बोटं मोजली. बाळाला यायला दोन महिने आहेत. मला, डॉक्टरीणबाईंच्या हिशोबाने, बरीच वर्षं आहेत, आणि लवकर मरायची माझी काही तयारी नाही. तेव्हा वरचं कलम दोन मेल्यानंतरचं नाही. नातीने सोमवारी सामान आणावं. पुढची खोली तिची, मागची माझी. आणि कलम सात मुलाने आजच वाचावं. त्याला या कागदातून काहीच मिळत नाही, म्हणजे साक्षीदार व्हायला तो अगदी लायक आहे. फोन करून बोलावते.

पुढचं त्याच दिवशी, चार वाजता लिहिलं.

मुलगा आला. औषधवाली आणि वकील समोर बसले होते. त्याने सगळं वाचलं, सातव्या कलमाला थांबला, पान मागे उलटलं, पुन्हा वाचलं.

"आई, अख्खं ताट?"

"चुराच होता."

"क्रीमसकट?"

"क्रीम पुसून काढत कोण बसणार होतं?"

त्याने चष्मा काढला. "मी त्या पोराबद्दल काय काय बोललो."

"ऐकलं ना. तिथेच होते मी."

"आणि गप्प बसलीस?"

"बसले. चुकलं माझं." हे मी सगळ्यांसमोर म्हटलं. औषधवालीने गोळ्यांची पिशवी उगाच चाचपली.

मुलगा उठला आणि पुढच्या खोलीत गेला. भिंतीवर टकटक ऐकू आली. तिथूनच म्हणाला, "कितवा लागलाय तिला?"

"सातवा सरत आलाय. वर लिहिलंय."

"ही भिंत ओल धरते. बाळाला चालायची नाही."

"मग?"

तो आला, माझ्या हातातून पेन घेतलं आणि खाली लिहिलं: *पुढच्या खोलीची ओल काढून रंग देण्याचं काम माझ्याकडे.*

वकील म्हणाला, "साहेब, साक्षीदाराला कलम घालता येत नाही."

"मला काही मिळत नाहीये. द्यायचीही बंदी आहे का?"

वकिलाने आपल्या पेनाला टोपण लावलं.

"रंग कोणता देऊ?" मुलाने मला विचारलं.

"मला काय विचारतोस? राहायचंय तिला. नंबर आहे ना?"

"आहे."

"मग झालं."

वरचं सगळं मी वाचून, समजून, शुद्धीत आणि थोडी लाजून कबूल केलं आहे.

सही: आजी, इस्त्रीवाली

साक्षीदार पहिली: कोपऱ्यावरची औषधवाली. सही केली, चहा घेतला, साखर जास्त म्हणाली.

साक्षीदार दुसरा: मुलगा. सही केली, तारीख टाकायची विसरला. बाहेर पायरीवर फोन घेऊन बसला आहे. पहिली पाच मिनिटं नुसता "हं" म्हणत होता. आता पाऊण तास झाला, हिरवा की पिवळा यावर अडलं आहे.

ठिकाण: मागची खोली. पुढची आता नातीची.

तारीख: चौदा मार्च, शनिवार. मुलाचीही मीच टाकली.