उभी गाडी का थरथरते

३ नोव्हेंबर, सोमवार
गाडी थरथरते. चालताना नाही, उभी असताना. सिग्नलला थांबलं की स्टिअरिंग, सीट, आरशातला मागचा ऑटो, सगळं हलतं. आज बाबांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला आणि म्हणाले, समिधा, हिचं इंजिन गेलं.

काचबिंदूमुळे डॉक्टरांनी त्यांचं ड्रायव्हिंग कायमचं बंद केलं. तेव्हापासून ते बाजूला बसतात आणि हातानेच बघतात. घरी येऊन म्हणाले, अशी गाडी पोरीच्या हातात ठेवणार नाही. कांचघर मोहल्ल्यातले गुणवंतजी केव्हाचे ही विकत मागून राहिले, सोळाच्या रविवारी बोलावतो.

गाडी गेली तर बाबा घराबाहेर पडणार नाहीत. ऑटोत ते बसत नाहीत. जबलपूरच्या एकाही ऑटोवाल्याला ब्रेक कळत नाही असं त्यांचं मत आहे.

संकल्प: सोळा तारखेच्या आत कारण शोधणे. मी कोचिंगमध्ये गणित शिकवते. कारण शोधणं माझं कामच आहे.

४ नोव्हेंबर
व्हिडिओ पाहिले. कारणं तीनच: खराब स्पार्क प्लग, घाणीने भरलेला थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप), किंवा माउंट, म्हणजे इंजिन ज्या रबरावर बसतं ते. क्रमाने एकेक बाद करायचं. सोपं आहे.

आई म्हणाली, तुझे बाबा चालवत होते तेव्हाही हलतच होती. मी बोलले की म्हणायचे, सुनेत्रा, तू खिडकीला टेकू नको. आई कायम मागे बसते. तिच्या मताला तांत्रिक आधार नाही.

५ नोव्हेंबर
गॅरेजवाल्या आनंद भैयाने बोनेट उघडून गाडी चालू केली. इंजिन एकदम गप्प. म्हणाला, दीदी, ये तो मक्खन चल रही है. मी म्हटलं, सिग्नलवर चला, मग दिसेल. तर म्हणे, दुकान छोड़ के चौराहे पे बैठ जाऊँ क्या? तरी प्लग बदलून घेतले. मन हलकं झालं.

६ नोव्हेंबर
नेपियर टाउनच्या सिग्नलला थरथरली. नवीन प्लग रुळायला वेळ लागत असणार.

७ नोव्हेंबर, सकाळ
रुळले नाहीत.

८ नोव्हेंबर
दुसऱ्या गॅरेजमध्ये थ्रॉटल साफ केला. तिथेही गाडी गप्प उभी. मेकॅनिक दिसला की ती शहाण्यासारखी वागते, आणि मी एकटी सापडले की सुरू.

कदाचित चूक माझीच असेल. गणपतीत एकदा भलत्याच पंपावर पेट्रोल भरलं होतं. बाबांना सांगून टाकलं. ते म्हणाले, सांगितलंस हे बरं केलं. आता जास्तच वाईट वाटतंय.

१० नोव्हेंबर
माउंट बदललं. आनंद भैयाने जुनं रबर दाखवून सांगितलं, दीदी, ये अच्छा है, काहे को फेंक रही हो. पण मी क्रम मोडत नाही. आता चौथं कारण उरतच नाही. बाबांना म्हटलं, झालंच समजा.

११ नोव्हेंबर
झालं नाही. सिग्नलला इतकी हलली की शेजारच्या स्कूटरवालीने काच ठोकून विचारलं, सब ठीक है ना? त्यात डावा पाय भयंकर दुखतो आहे. टेन्शनचा परिणाम.

१३ नोव्हेंबर
आर्याला, म्हणजे चुलत बहिणीला, बाजूला बसवून नेलं. ती रोज गाडीने ऑफिसला जाते. सिग्नलला थरथर सुरू झाल्यावर तिने माझ्या पायाकडे पाहिलं. म्हणाली, अगं, उभी आहेस तर फर्स्ट गिअर काहून? आणि अर्धा क्लच कशाला धरून राहिली? पुढे जा म्हणतेस, वर ब्रेकही दाबतेस, ती बिचारी थरथरणार नाही तर काय नाचेल? तिने गिअर न्यूट्रलमध्ये पाडला, मला क्लच सोडायला लावला.

गाडी शांत झाली.

मी म्हटलं, योगायोग. नवीन माउंटचा परिणाम आता दिसतो आहे. आर्या म्हणाली, डॉक्टर बदल, गाडीचा नाही, तुझा.

१४ नोव्हेंबर
एकटीने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. न्यूट्रल: शांत. फर्स्ट आणि अर्धा क्लच: थरथर. योगायोग नाही.

पण ही पद्धत बाबांची आहे. सिग्नलला गाडी फर्स्टमध्ये, क्लच अर्धा, म्हणजे मागच्याने हॉर्न द्यायच्या आत निघता येतं. न्यूट्रल आळशांसाठी. शाळेत जायच्या आधीच पाढे, वेलांट्या, सगळं मला बाबांनी शिकवलं. त्यातलं काही चुकीचं निघालेलं नाही. आज हे एक निघालं, आणि तेही अशा वर्षी, जेव्हा त्यांच्या हातातून गाडी गेली.

संकल्प: फक्त इतकंच सांगणे की गाडी दुरुस्त झाली. हे खोटं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
बाबांना बडा फुहाऱ्याच्या बाजारात नेलं. गर्दीत अडकलो. मी हळूच न्यूट्रल केलं. बाबांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला. थोडा वेळ ठेवला. मग हसले. म्हणाले, शाबास बेटा, गुणवंतला आजच नाही म्हणून कळवतो. डोळ्यांचं झाल्यापासून ते असे हसले नव्हते.

मग त्यांचा हात सवयीने गिअरवर आला. गिअर सैल लागला. म्हणाले, हे काय? काय शिकवलं होतं मी?

वेळ आलीच तर म्हणायचं खरं वाक्य माझ्याकडे तयार होतं. सकाळी आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं. मी म्हटलं, चुकले बाबा. फर्स्ट टाकला. क्लच अर्धा सोडला.

बाबांनी डॅशबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवला. घरी आल्यावर गुणवंतजींना फोन केला, उद्या याच.

१६ नोव्हेंबर, रविवार
गुणवंतजींनी एक चक्कर मारली. म्हणाले, दिनकरजी, इंजन तो अव्वल है. बाबांनी त्यांना बाजूला घेऊन प्रामाणिकपणे सांगितलं की तसं नाही, आत दोष आहे, मुलीने सगळं करून पाहिलं. गुणवंतजी म्हणाले, आप जैसे सच्चे आदमी आजकल मिलते कहाँ हैं, आणि गाडी घेऊन गेले.

बाबा फाटकाशी उभे होते. म्हणाले, तू काही कमी केलं नाहीस बेटा, यंत्रापुढे कोणाचं चालतं? मी मान हलवली.

त्यांना खरं सांगणारच आहे. उद्या, चहाच्या वेळी.