आगमनकाळ आणि आमची ताई

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा मनापासून सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला अजून आहे का? इकडे आम्ही ठणठणीत. फक्त माझे पाय जमिनीला टेकत नाहीत, त्याचं कारण आधी ऐक.

आमच्या चर्चमधल्या मुलांच्या वर्गाच्या बाई पाय मुरगळून घरी बसल्या आणि पाळकसाहेबांनी तो वर्ग माझ्या गळ्यात घातला. (मी घड्याळं दुरुस्त करतो, म्हणजे माझ्याकडे वेळ असणारच, हा त्यांचा विनोद.) विषय आगमनकाळ. नाताळाआधीचे चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती जास्त, येशूबाळाची वाट पाहायची, मन तयार ठेवायचं. पाच मिनिटांत माझं सांगून संपलं, उरली पंचावन्न! तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या, दोन दात पडलेल्या पोरीने विचारलं, "पण तो तर मागेच आला ना? मग आता वाट कशाला बघायची?" ताई, मला घाम फुटला. (नंतर पाळकसाहेबांना विचारलं, तर त्यांनाही फुटला.) सुचेना, तेव्हा तुलाच पुढे केलं. म्हटलं, समजा, माझी ताई यायची आहे. पूर्वी शंभरदा आलेली आहे, तरी मी घर झाडतो, चादरी बदलतो, कडी वाजली की धावतो. तसंच हे.

झालं! पोरांनी तुलाच धरलं. ताईंना मांजर चालतं का, त्या घोरतात का, (घोरतेस, असं मी खरं सांगितलं.) त्या रागावल्या तर? सोमवारपासून अकराच्या अकरा जण केरसुण्या घेऊन आमच्याकडे हजर. जिना धुतला, त्यात पायऱ्यांवर रचलेली आमच्या हिची पुस्तकंही धुतली गेली. दाराबाहेर 'ताई इकडे' अशी पाटी लागली, बाणाचं टोक मात्र शेजारच्या न्हाव्याकडे. तो बिचारा दोन दिवस खुर्ची पुसून बसलाय. आणि काल दुसरी मेणबत्ती पेटवून झाल्यावर, भर उपदेशात, तीच पोरगी ओरडली, "काका, ताई निघाल्या का?" सगळं चर्च वळून माझ्याकडे बघायला लागलं. मी म्हणालो, "निघतील."

इतक्या जोरात वाट बघणारा वर्ग पाळकसाहेबांनी आजवर पाहिला नाही म्हणे.

तुझा,
धाकटा

ता. क. बाबांच्या शिलाई मशीनवरून मी तुला जे बोललो, त्याला सहा वर्षं झाली. चूक माझी होती. चौथ्या रविवारच्या आत ये.

आणखी एक ता. क. उदाहरण आयत्या वेळी सुचलं, असं वर लिहिलंय ते खोटं. वर्ग मिळण्याच्या आधीच मी मागची खोली झाडून तुझी खाट घालून ठेवली होती. फक्त तुला लिहायचं धाडस होत नव्हतं.