आईच्या आईचे नाव मिळण्याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
कुटुंबनोंद कार्यालय.

विषय : आजीचे व पणजीचे नाव मिळणे, तसेच आईला मृत ठरवणारी जुनी नोंद रद्द होणेबाबत.
संदर्भ : माझा पूर्वीचा अर्ज व त्यावरील आपले उत्तर.

महोदय,

मी शिंप्याच्या दुकानात काज-बटणाचे काम करते. हे काम मला आईने शिकवले, आईला तिच्या आईने. आजीला कुणी शिकवले, हे विचारायचे राहून गेले. आजी माझ्या जन्माआधीच गेली. आई तिला आई म्हणे, आजोबा ‘अगं ए’ म्हणत, त्यामुळे तिचे नाव घरात कुणालाच ठाऊक नाही.

१. शेवटच्या आजारपणात आई मला ओळखेनाशी झाली. "सिस्टर, माझ्या आईला निरोप द्या, मला न्यायला ये म्हणावं," असे ती मलाच सांगे. नाव विचारले की रडू लागे. म्हणून मी आपल्या कार्यालयात आले.

२. आपल्या लिपिकांनी आजोबांचे पान काढून दिले, त्याबद्दल मी आभारी आहे. त्यावर आजोबांचे नाव, घराच्या खोल्या, शिवणयंत्रसुद्धा नोंदलेले आहे, आणि पुढे ‘पत्नी : एक’. आजीचे नाव तिच्या माहेरच्या पानावर सापडेल असे कळले. ते पान काढायला मात्र तिचे नाव लागते. पणजीपर्यंत पोचण्याचा मग प्रश्नच उरला नाही.

३. त्याच पानावर आईच्या नावावर ‘नोंद समाप्त’ असा शिक्का आहे. लग्न होऊन गेलेल्या मुलींना आपल्याकडे हाच शिक्का मारतात आणि मेलेल्यांनाही हाच. त्यानुसार आई लग्नाच्या दिवशीच वारली, सबब मी तिची मुलगी असल्याचे सिद्ध करावे, असे आपण कळवले आहे. काज घालताना माझी करंगळी तिच्यासारखीच उभी राहते. याहून वेगळा पुरावा मला सुचत नाही.

४. मागच्या आठवड्यात आई गेली. नाव सापडले नव्हते. तुझी आई निघाली आहे, येतेच आहे, असे मी तिला खोटेच सांगितले, तेव्हा ती दाराकडे तोंड करून शांत पडली. मृत्यूची नोंद करायला आले तर खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "बाई, या आधीच वारल्यात. एका माणसाला दोनदा कसं मारू?" त्यांच्या जागी ते बरोबरच आहेत. पण मग आम्हा भावंडांना कुणी वाढवले, एवढे तरी कार्यालयाने लेखी द्यावे.

५. पुढच्या महिन्यात माझ्या मुलीचे लग्न आहे. तिचे नाव आपल्याच कपाटात आहे. माझ्या नावावर शिक्का केव्हाच पडला, त्याबद्दल तक्रार नाही. तिच्यावर तो मारू नये. उद्या तिच्या मुलीने विचारले, तर आपल्याकडे सांगायला काहीतरी असावे, ही हात जोडून विनंती.

आपली नम्र,
(सही)
नोंदीप्रमाणे ‘पत्नी : एक’

दिनांक : आई गेल्यानंतरचा पहिला सोमवार

सोबत : आईने घातलेले शेवटचे काज, कापडासह. अर्धेच आहे. पाहून झाल्यावर परत मिळावे, पुरे करायचे आहे.