सोडून दिलेली नोंद

शनिवार, १४ तारीख, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. आईचा गुडघा बरा आहे. माझ्या उजव्या हाताला चार टाके पडलेत, म्हणून अक्षर असं.

दाजींच्या जबड्यात तार घातल्याचं कळलं. दोन बरगड्याही मोडल्या म्हणे. पहिला हात मी उचलला, हे तुला माहीत आहे. का, ते माहीत नाही.

दाजींची कंपनी आमच्या हॉस्पिटलच्या कम्प्युटर विभागात, म्हणजे माझ्याकडे, रोज सकाळी पेशंटांच्या माहितीची एक्सएमएल फाइल पाठवते. कोणाला कुठलं औषध चालत नाही, ते त्यात असतं. फाइल म्हणजे नुसता सावळागोंधळ. नोंद कुठे सुरू, कुठे संपते ते दाखवणारा टॅग उघडलाय तर बंद करायचा पत्ता नाही, एकाची ॲलर्जी दुसऱ्याच्या नोंदीत घुसलेली. अशी फाइल परत पाठवायची, हा आमचा नियम. पण दाजी म्हणाले, "अरे, घरचंच काम आहे, घे की सांभाळून. सुधारून देतो मी." घेतलं सांभाळून.

मंगळवारी एक गवंडी आला, पायाला जखम घेऊन. स्क्रीनवर ॲलर्जीचा रकाना कोरा. इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांत घसा सुजून तडफडून मेला बिचारा. त्याच्या तीन भावांनी काउंटरची काच फोडली, सिस्टरला केस धरून फरफटवलं. "कम्प्युटर कोण बघतं रे इथला?" थोरला ओरडला.

दाजी त्या दिवशी फाइलचंच बोलायला आले होते, माझ्या शेजारी उभे. मी वळलो आणि त्यांच्या तोंडावर ठोसा हाणला. "हा! हा बघतो!" त्यांच्या दातांनी माझी बोटं फाटली. ते कोसळले, मग तिघांनी लाथा घातल्या. बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. मधे पडलो नाही.

ऑफिसात माझी पाठ थोपटतात. ताई, मला राग आलाच नव्हता. माझी पाचावर धारण बसली होती. मोडकी नोंद दिसली की कोणाला न कळवता सोडून पुढे जायचं, ही फाइल वाचणाऱ्या प्रोग्रॅममधली ओळ माझी. रोजच्या चुकांच्या याद्या बघून वैतागलो होतो. गवंड्याची ॲलर्जी फाइलमध्ये होती. मी सोडून दिली.

दाजींना हे ठाऊक आहे. काल पोलिसांना त्यांनी कागदावर लिहून दिलं, 'चूक माझ्या एकट्याची.'

सोमवारी चौकशी आहे. मी खरं सांगणार आहे, पण माझा भरवसा धरू नकोस. त्या ओळीची छापील प्रत पाकिटात घातली आहे. मी गप्प बसलो, तर तू उभी राहा आणि सगळ्यांसमोर वाच.

दाजी ज्याच्यासाठी खोटं बोलले तो,
तुझा धाकटा