काळूच्या खळाळात

प्रिय दादा,

परवा तुझं वर्षश्राद्ध झालं. जेवणं झाल्यावर सगळे तुझ्याविषयी बोलत बसले होते. दादा किती हुशार, दादा लढाईवरून कसा सुखरूप परत आला, चांगली पेन्शनची नोकरी त्याने कशी सोडली. मामा म्हणाले, "त्याला मासे धरायचं वेडच होतं." मी पानं उचलत होते. टिटवाळ्याची ती सकाळ मामांनी कुठे पाहिली होती? घरातली ती पाहिलेली माणसं दोनच, तू आणि मी. आता मी एकटीच उरले. म्हणून लिहायला बसले आहे.

तू इटलीहून परत आलास तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होते. तू पूर्वीसारखाच दिसत होतास, जेवत होतास, आईची थट्टा करत होतास. बाबांनी त्यांच्याच कचेरीत तुला चिकटवलं. संध्याकाळी तुम्ही दोघं शेणाळे तळ्यावर गळ टाकून बसायचात, बाबांच्या ठरलेल्या पायरीवर, वेळूची काठी आणि कणकेच्या गोळ्या घेऊन. बाबांना ते तळं पाठ होतं. वारा फिरला की ते म्हणायचे, "आता त्या कोपऱ्यात जाईल बघ," आणि मासा खरंच तिथे जायचा.

तू मात्र तळ्याकडे बघतच नसायचास. काठी हातात असायची, नजर पायरीच्या दगडावर. हे बाबांना दिसत नव्हतं का? मला वाटतं, दिसत होतं. म्हणूनच ते तुला रोज नेत होते.

कपाटावर कॅनव्हासच्या पिशवीत तुझी दुसरी काठी होती, लढाईतून आणलेली. तीन तुकडे जोडले की छतापर्यंत जायची. सोबत पितळी चरखी, रेशमी दोरी आणि एक डबी. डबीत पिसं आणि दोरा गुंडाळून बनवलेल्या खोट्या माश्या, प्रत्येकीच्या पोटात बारीक गळ. एकदा मी विचारलं होतं, "ही काठी तळ्यावर का नेत नाहीस रे?"

"ती वाहत्या पाण्याची आहे."

"मग वाहत्या पाण्यावर जा की. खाडी आहे, नदी आहे."

तू डबी बंद केलीस आणि उठून गेलास. पुन्हा विचारायचा माझा धीर झाला नाही.

मग त्या पावसाळ्यात आईला विषमज्वर झाला. ताप उतरला, पथ्य सुटलं, पण तिच्या तोंडाला चव येईना. वरणभात समोर ठेवला की ती पान सरकवायची. दिवाळी गेली तरी तेच. बाबांनी तळ्यातून मरळ आणली, तीही तिने चिवडून ठेवली. हात नुसत्या काड्या झाले होते तिचे. वैद्य म्हणाले, पोटात अन्न गेलं नाही तर माझी औषधं काय करणार?

एका दुपारी ती पडल्या पडल्या माहेरच्या गोष्टी सांगत होती. तिचं माहेर टिटवाळ्याच्या पलीकडे, काळू नदीच्या काठी. म्हणाली, "आमच्याकडे नदीची खडशी यायची. सोन्यासारखे खवले. तिचं कालवण केलं की माझे अण्णा बोटं चाटायचे. तेवढं मिळालं तर खाईन बहुतेक."

तू दारात उभा होतास. रविवारी सकाळी मी उठले तर तू कपाटावरची पिशवी काढून पुसत होतास. मला म्हणालास, "कुमू, येतेस?"

कुठे, ते मी विचारलंच नाही.

टिटवाळ्याला उतरून आपण नदीच्या काठाने वर वर चालत गेलो. भातं कापली होती, पाणी निवळलं होतं. एके ठिकाणी नदी मोठ्या दगडांवरून आवाज करत खाली येत होती, तिथे तू थांबलास. काठी जोडलीस. दोरी अर्धीच ओवलीस. तू काठी खाली ठेवलीस आणि दगडावर बसून राहिलास. ऊन चढलं तरी तू बसलेलाच.

मी म्हटलं, "दादा, परत जाऊ या. आईला काही सांगायलाच नको."

"थांब जरा," म्हणालास. आणि मग पाण्याकडे बघत बोलायला लागलास. इटलीत छावणीमागे ओढा होता, तिथे एका गोऱ्या कॅप्टनने तुला ही विद्या शिकवली. तो रोज म्हणायचा, लढाई संपली की मला तुमच्या गावची नदी दाखव. मग एके दिवशी तुमच्या तुकडीला नदी ओलांडायचा हुकूम आला. पाणी चढलं होतं. समोरून गोळ्या येत होत्या. तो तुझ्या पुढे दोराला धरून चालला होता.

"मी बघितलं त्याला वाहून जाताना," तू म्हणालास. "हात पुढे केला होता मी. पोचला नाही."

इतके दिवस हे तू त्या तळ्याच्या पायरीवर घेऊन बसला होतास?

तेवढ्यात बैलांना पाणी पाजायला एक शेतकरी उतरला. डबीतली माशी बघून त्याला हसू आलं. "दादूस, पाखराच्या पिसाला मासा गावंल काय?"

तू त्याच्याकडे बघितलंस आणि तूही हसलास. "बघू या की," म्हणालास. वहाणा काढल्यास, धोतर खोचलंस आणि पाण्यात पाय टाकलास.

दादा, पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगता येईल असं वाटलंच नाही.

तू मांडीभर पाण्यात उभा राहून हात उचललास. दोरी मागे गेली, हवेत लांबच लांब उलगडली, क्षणभर तशीच तरंगली आणि पुढे आली. पुन्हा मागे, पुन्हा पुढे, दर वेळी आणखी लांब. उन्हात ती मधूनच चमकायची, मधूनच दिसेनाशी व्हायची. ना जोर, ना घाई. शेवटी ती पाण्यावर उतरली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. पिसाची माशी प्रवाहावर खऱ्या माशीसारखी बसली. तो शेतकरी बैल विसरून बघत राहिला. हा माझा भाऊ? कचेरीच्या कागदांवर शिक्के मारणारा?

दुपारपर्यंत काही लागलं नाही. तू वर सरकत गेलास, दर थोड्या वेळाने नवी जागा, नवा दगड. बाबा तिथे असते तर म्हणाले असते, एका जागी बस. मग दोन खडकांच्या मध्ये पाणी एकदम फुटलं. चरखी किरकिरत सुटली. काठी इतकी वाकली की मला वाटलं, मोडली. मासा खाली धावला आणि तू त्याच्या मागे, कमरेएवढ्या पाण्यात, मग छातीएवढ्या.

मला पोहता येत नव्हतं. मी काठाने धावत हाका मारत होते, "दादा, सोड, सोड ती काठी." तू मागे वळलास. वाहतं पाणी तुझ्या छातीवर आदळत होतं आणि तुझ्या तोंडावर भीती नव्हती. मी तोवर कधी न पाहिलेला चेहरा होता तो. "धरलंय मी," तू ओरडून सांगितलंस. "सुटत नाही आता."

मासा दमायला खूप वेळ लागला. शेवटी आपल्या मागे मागे आलेल्या त्याच शेतकऱ्याने पाण्यात उतरून तुला हात दिला. वाळूवर ती खडशी आणून ठेवलीस. हातभर लांब, रुपयाएवढे खवले, आणि रंग खरोखरच आईने सांगितला तसा. आपण तिघंही नुसते बघत बसलो. एवढं मोठं काही त्या ओळखीच्या पाण्यात इतकी वर्षं राहत होतं, आणि आपण त्यावरच्याच पुलावरून गाडीने येत-जात होतो.

संध्याकाळी मी आईने सांगितलं तसं कोकम घालून कालवण केलं. आई उशीला टेकून बसली. पहिला घास घेतला आणि विचारलं, "डोहातली का रे?"

"नाही, खळाळातली."

"तरीच वेगळी लागते," म्हणाली. आणि सगळा भात संपवून आणखी मागितला. बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. ते मागच्या अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

पुढचं तुला ठाऊकच आहे. भातसा, उल्हास, मग घाटापलीकडच्या नद्या. कचेरी सोडून तू नद्यांच्या मोजणीच्या कामावर गेलास तेव्हा बाबा महिनाभर बोलले नाहीत. वहिनीला घेऊन रानात बिऱ्हाड केलंस. तुझी पत्रं यायची, दोन ओळींची. "नवी नदी आहे. पाणी हिरवं. मजेत." एवढंच? तुला सांगता येत होतं रे, मी ऐकलं होतं. आणि मला पुन्हा कधी नेलं का नाहीस? दर दिवाळीला म्हणायचास, पुढच्या वेळी नक्की. एवढा राग मात्र माझ्या मनात आहे, तो लपवत नाही.

तापाने तू गेलास, आम्ही पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दुसऱ्या दिवशी वहिनीने मला नदीवर नेलं. केवढी मोठी रे ती. पलीकडची माणसं मुंगीएवढी दिसत होती. वहिनी डोंबिवलीची, चार घरांपलीकडे एकटी न जाणारी. ती म्हणाली, "वन्सं, मी इथेच राहणार. मोजणीच्या कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली आहे, शिकवायला दुसरी बाई मिळत नाही. तुम्ही याल?" मी नाही म्हटलं. इथली माझी शाळेतली नोकरी, आई, बाबा, हे घर सोडून कशी जाऊ?

परवा पाहुणे गेल्यावर मी वहिनीचं ते बोलणं बाबांना सांगितलं. ते तळ्यावर निघाले होते. पायऱ्या उतरता उतरता म्हणाले, "तुझी आई आता धडधाकट आहे. मला माझं तळं आहे. तुला जावंसं वाटतंय ना? मग जा की."

एवढंच बोलून ते गेले.

दादा, जूनमध्ये मी वहिनीकडे जाते आहे. तिला काल तसं कळवलं. पाण्याची भीती मला अजून आहे, पण वहिनी तेव्हाच म्हणाली होती, काठाशी पाणी उथळ आहे, ती स्वतः तिथेच पोहायला शिकली, मलाही शिकवेल. आणि तुला शब्द देते, तिथून मी आईबाबांना दर आठवड्याला पत्र लिहीन, नदी कशी दिसते, पाण्याचा रंग आज काय होता, सगळं. दोन ओळींत उरकणार नाही.

तुझी धाकटी,
कुमू