नानांसाठी टेप

औरंगाबाद,
दि. ३ ऑक्टोबर १९८८

ती. अक्कास उद्धवचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक आहे. कंपनीत रात्रपाळी संपली, खानावळीतली भाजी अजून तशीच पाणीदार आहे आणि माझं वजन वाढलेलं नाही. हे शेवटचं आईला सांगू नकोस.

आता कामाचं. या दिवाळीला नानांसाठी गाणी ऐकायचं यंत्र आणायचं ठरवलंय. मागच्या खेपेला आलो तेव्हा ते रेडिओवर फार चिडलेले होते. आवाज नीट येत नाही म्हणून त्याला चापट्या मारत होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना पखवाज आणि रेडिओ हे दोनच सोबती, त्यातला एक तरी नवा द्यावा म्हटलं. पण गुलमंडीवरच्या दुकानात गेलो आणि डोकं गरगरलं. एक आहे मोठा टू-इन-वन. रेडिओ आणि टेप एकत्र, दोन बाजूंना दोन स्पीकर, वर धरायला दांडी. लावला की सगळी गल्ली ऐकेल. दुसरा वॉकमन. हातात मावेल एवढा, पेन्सिल सेलवर चालतो, पण त्याचा आवाज बाहेर येतच नाही. डोक्यावरून पट्टी घालून कानांवर फोमचे गोळे लावायचे आणि एकट्यानं ऐकायचं. दोन्हींना लाल बटण आहे, म्हणजे आपलाही आवाज भरता येतो. माझ्या खोलीतला चंद्रभान म्हणतो वॉकमनच घे, सध्या त्याचीच हवा आहे. पण हवा घेऊन नाना काय करतील?

तू त्यांना रोज बघतेस. दोन गल्ल्या पलीकडे सासर असल्याचा एवढा तरी उपयोग मला होऊ दे. कोणतं घेऊ ते कळव. भाऊजींना नमस्कार. माझ्यावर हवी तेवढी रागाव, पण उत्तराला उशीर करू नकोस.

तुझा,
उद्धव

*

वालूर,
दि. ११ ऑक्टोबर १९८८

चि. उद्धवास अनसूयाचे अ. आ. वि. वि.

पत्र उशिरा मिळालं. विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या बंदमुळे गाड्या देवगाव फाट्याच्या पुढे येत नव्हत्या. वजनाचं मी आईला मुद्दाम वाचून दाखवलं. तिनं डिंक काढून ठेवलाय, आता लाडू खा मुकाट्यानं.

वॉकमनचं नाव काढू नकोस. नानांनी कानांना गोळे लावून ओट्यावर बसायचं, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यानं रामराम घातला तर तो त्यांच्यापर्यंत पोचायचाच नाही! लोक म्हणतील, मास्तरला मिजास आली. आपल्याकडे गाणं ही एकट्यानं ऐकायची वस्तू कधी होती रे? मोठाच आण. तसाही नाना रेडिओ एवढ्यानं लावतात की समोरच्या धुरपताबाईंना कापसाचे भाव घरबसल्या कळतात. रेडिओ बिघडला, असं नानांचं म्हणणं. आईला विचारलं तर ती भाकरी थापत राहिली.

नाना सध्या रुसलेत. गंगाखेडच्या सप्ताहाला आपलं मंडळ दर साल जायचं. गेल्या साली काहीतरी निमित्त निघालं. यंदाही आपले विणेकरी बन्सीधरकाका यांनी जमणार नाही म्हणून परस्पर कळवून टाकलं. नाना म्हणतात मंडळ आळशी झालं, आणि बन्सीधर त्यात पहिला. एवढा जिवाचा दोस्त, पण पारावर समोरासमोर बसूनही बोलत नाहीत.

एक युक्ती सुचली. नानांच्या शाळेतला टेप मागून आणून मी मागच्या एकादशीचं भजन भरून घेतलं होतं. ती कॅसेट शेजारचे व्यंकटराव तिकडे येतायत त्यांच्याबरोबर पाठवते आहे. दुकानात प्रत्येक यंत्रात ती लाव, आणि ज्यात नानांचा पखवाज खणखणीत वाजेल ते घे. तब्येतीला जप, आणि आम्हाला विसरलास तर लाडू मी खाईन.

तुझी,
अक्का

*

औरंगाबाद,
दि. २० ऑक्टोबर १९८८

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

कॅसेट मिळाली. लगेच दुकानात गेलो. मोठ्या टू-इन-वनमध्ये लावली तर भजन रखडत चाललेलं. दुकानदाराला म्हटलं, तुमचे सेल उतरलेत. त्यानं बिचाऱ्यानं बदलले, तरी तेच. विजेवर लावलं, तरी तेच. मग त्यानं स्वतःची कॅसेट घातली, ती झकास वाजली. तुमच्याकडच्या टेपातच खोट असेल, असं म्हणून त्यानं मला वाटेला लावलं.

खोलीवर येऊन विचार करत होतो. टेप हळू चालला की माणसाचा आवाज जाड होतो, विहिरीतून बोलल्यासारखा. बन्सीधरकाकांचा आवाज तर त्यांचाच होता, तसाच बारीक आणि वर चढणारा. म्हणजे टेप बरोबर आहे. भजनच संथ झालंय.

म्हणून काल परत गेलो आणि वॉकमन कानाला लावला. अक्का, त्यात एकेक माणूस सुटा ऐकू येतो. टाळ येतात, जरा थबकतात, मग नानांची थाप पडते, मग टाळ पुढे निघतात. प्रत्येक समेला असंच. आख्खं मंडळ नानांसाठी थांबतंय. लहानपणी भजनात आपला ठेका चुकला की ते शेजारून गुडघ्यावर चापट मारायचे, आठवतं? त्याच माणसाची थाप मागे पडते हे ऐकून मला तिथं बसवेना. दुकानदाराला वाटलं मला यंत्र आवडलं नाही.

तू बन्सीधरकाकांना विचार. मला चैन पडत नाही. उत्तराची वाट पाहतो, आणि त्यात माझी समजूत घालण्यासाठी काही लपवू नकोस.

तुझा,
उद्धव

*

वालूर,
दि. २७ ऑक्टोबर १९८८

चि. उद्धवास अ. आ. वि. वि.

गेले होते बन्सीधरकाकांकडे. आधी उडवाउडवी केली, म्हणाले की तसं काय न्हाई, समद्यांचं वय झालं. मी उठले नाही. मग कस्तुराबाईकाकूंनीच त्यांना दटावलं, तेव्हा बोलले. मास्तरला टाळ ऐकू येईना झालेत, आमच्या हाताकडं बघून वाजवायलेत, म्हणाले. आता डोळ्यांनी बघून थाप मारायची म्हणजे ती मागं पडणारच. त्यावर कधी बैठक झाली नाही, कोणी कोणाला सांगितलं नाही, पण एकेक जण थांबायला लागला. मास्तरनं आमाला टाळ धरायला शिकवलं, तेंच्यासाठी जरा थांबलो तर काय बिघडलं, असं त्यांनी मलाच उलट विचारलं. 

गंगाखेडला मात्र गावोगावचे टाळकरी असतात. ते कशाला थांबतील? चार लोकांत मास्तरची फजिती नको म्हणून काका नकार कळवतात, आणि वरून आळशी म्हणवून घेतात. घरी येईपर्यंत मी पदरानं डोळे पुसत होते.

आईला सगळं ठाऊक आहे. अलीकडे नानांशी बोलायचं असलं की ती हातातलं काम टाकून त्यांच्या तोंडासमोर जाऊन उभी राहते. मला वाटायचं, हिचंच वय झालं. तिचं म्हणणं, कोणी काही बोलू नका. तेंच्या हातातला पखवाज सुटला तर ते माणूस भिंतीला टेकून बसंल, मला ते बघवणार न्हाई, असं म्हणाली आणि चुलीकडे तोंड फिरवलं.

आता टेपचं काय करायचं ते तूच ठरव. माझी अक्कल संपली. तुझ्यावर जीव आहेच, पण या घडीला तू इथे असायला हवा होतास.

तुझी,
अक्का

*

औरंगाबाद,
दि. १ नोव्हेंबर १९८८

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोन्ही यंत्रं डोळ्यांसमोर नाचत होती. मोठा आणला तर काही प्रश्नच नाही. नाना तो हवा तेवढा मोठा करतील, खूश होतील, मंडळ थांबत राहील, आणि कोणाला काही बोलावं लागणार नाही. वॉकमन आणला तर त्यांना सगळं स्वच्छ ऐकू येईल, आणि आज ना उद्या ते आपल्याच मंडळाची कॅसेट त्यात घालतील. त्यांच्यासारखा कान आपल्या तालुक्यात नव्हता. पहिल्याच समेला त्यांना कळेल.

पखवाज सुटेल ही आईची भीती खरी आहे, आणि मलाही तीच वाटते. पण नाना एका निर्दोष माणसाशी बोलणं टाकून बसलेत, हेही मला सोसत नाही. पोरांचं चुकलेलं गणित त्यांनी दया येऊन कधी बरोबर दिलं नाही. आपण त्यांना दयेपोटी बरोबर देतोय हे त्यांना बाहेरून कळलं, तर ते आपल्याला माफ करणार नाहीत. माझा कौल लहान यंत्राला. तरी आईला पत्र वाचून दाखव. ती नको म्हणाली तर मी मोठा आणीन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही.

सुटी मिळालीय. निघण्याआधी उत्तर हाती पडेल असं बघ. तुमच्या दोघींच्या मर्जीत राहू दे.

तुझा,
उद्धव

*

वालूर,
दि. ५ नोव्हेंबर १९८८

चि. उद्धवास अ. आ. वि. वि.

घाईत लिहिते, व्यंकटराव गाडीला निघालेत.

पत्र वाचून दाखवलं तशी आई उठली. दिवसभर कामं करत राहिली. संध्याकाळी वाती वळताना एकदम विचारलं की त्या लहान डब्यात तेंना माझं बोलणं नीट ऐकू यील का. मी सांगितलं, लाल बटण दाबून भरलं तर येईल. मग म्हणाली, तसं आसंल तर लहानच आणा, आन भजनाच्या आदी माझं भरा. पोरांनी सांगितलं तर तेंना लागंल, मी आजवर तेंना लय ऐकवलंय, आनखी एक. असं म्हणून हसली, आणि मग रडली.

तेव्हा वॉकमन आण. कॅसेटही परत आण, सुरवातीला थोडी कोरी आहे. पेन्सिल सेल विसरू नकोस, इथे मिळत नाहीत. सांभाळून ये. वाट बघणारी,

तुझी,
अक्का

*

वालूर,
दि. २८ नोव्हेंबर १९८८

चि. उद्धव यास नानांचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

दिवाळीत तू यंत्र दिलंस, पण माझ्या नजरेला नजर दिली नाहीस. अनसूयाही भाऊबीजेच्या ताटावरून उठून गेली. तुम्ही दोघं लहानपणी काही फोडलं की असंच वागायचात. म्हणून तू असेपर्यंत मी यंत्राला हात लावला नाही. कान नीट चालत नाहीत हे मला कळत होतं रे. रेडिओवर ढकलायला सोपं जात होतं.

तू गेल्यावर ओट्यावर बसून कानाला लावलं. पहिला आवाज तुझ्या आईचा. इतका जवळून आला की मी मागे वळून पाहिलं. ती तर परसात तुरीच्या शेंगा निवडत होती. टेपातली म्हणत होती, तुमाला ऐकू येत न्हाई, हे मला लय दिसांपासून ठावं हाय. राग आला तर माझ्यावर काढा, बन्सीधरभावजींवर काढू नका, आन पुढचं भजन आर्धं टाकून उठू नका, पुरतं ऐका. पुष्कळ दिवसांनी मनकर्णाचा आवाज असा नीट ऐकला. तो अजून तसाच आहे. ते मी परत फिरवून ऐकलं.

मग भजन ऐकलं, पुरतं. टाळ थांबतात ते ऐकलं. आता तुला एक सांगतो ते ऐक. मला वाटत होतं बन्सीधरला दम लागतो. टाळकऱ्यांचे हात जड झालेले मला दिसत होते. म्हातारे झाले बिचारे, चारचौघांत उघडे पडायला नकोत, म्हणून मी माझा हात आवरता घेत होतो. गंगाखेडलाही तसंच सांभाळून घेतलं असतं, म्हणून तर बन्सीधरच्या नकाराचा राग आला. ते माझ्यासाठी थांबत होते, मी त्यांच्यासाठी थांबत होतो, आणि भजन आमच्या मधे बसून पेंगत होतं.

तसाच उठून बन्सीधरकडे गेलो. काही न बोलता ते गोळे त्याच्या कानांना लावले. त्यानं थोडं ऐकलं आणि मान खाली घातली. मग मी माझी बाजू सांगितली.  मला दम लागतो आसं कोन म्हणलं, असं त्यानं इतक्या मोठ्यानं विचारलं की ते मला विनायंत्र ऐकू आलं. मग आम्ही दोघं असे हसलो की कस्तुराबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या.

पखवाज खाली ठेवायची माझी तयारी होती, तसं मी त्याला म्हटलंही. तो म्हणाला, आदी एकदा जुन्या लयीत वाजवून तर बघू, सोडायचं मग बघता यील. परवाच्या एकादशीला तो वीणा घेऊन उभा राहायचा सोडून माझ्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून, खाली बसला. पायानं तो ठेका धरायचा, तो माझ्या गुडघ्यात यायचा. तुम्हा पोरांना मी जिथं चापट मारायचो तिथंच. मी सगळ्यांना आधीच बजावलं होतं की माझ्याकडे बघायचं नाही.

भजन पूर्वीच्या लयीत निघालं. दोनेक ठिकाणी माझी थाप हुकली. एकदा तर पार मागे राहिलो, सगळे पुढे गेले, आणि मला धावत जाऊन त्यांना गाठावं लागलं. घाम फुटला. घरी येताना तुझ्या आईनं समोर उभं राहून विचारलं, कसं झालं. मी सांगितलं, चुकलो, पण कोणीही थांबलं नाही. तिनं मान डोलावली.

गंगाखेडला येतो म्हणून कळवलं आहे. परभणीला कानाच्या डॉक्टरकडेही जाणार आहे, अनसूया सोबत येते. सप्ताहाला तू रजा काढून ये, आणि मी चुकलो तर तिथे तोंड लपवू नकोस. पेन्सिल सेल जास्तीचे आण. तुझी आई रोज त्यात काहीबाही भरून ठेवते आणि मला ऐकावं लागतं. घरच्या सर्वांचे आशीर्वाद तुझ्या पाठीशी आहेतच.

तुझे,
नाना