परत आलेली चार पानं

कोर्त्रेक, ८ ऑक्टोबर २०१७

प्रिय अनेलोर हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं दोन तारखेचं पत्र पोचलं. जानेवारीत फर्मची भागीदार होणार, दारावरच्या पाटीवर नाव लागणार, हे वाचून बरं वाटलं. अकरा वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. त्यातली पहिली सहा माहिती-संरक्षणात गेली. लोकांची खाजगी माहिती कोण वापरतो यावर पहारा ठेवायचा, आणि तुझ्याच फर्ममधले लोक त्याला भांडी घासण्याचं काम समजायचे. पुढे स्पर्धा कायद्यात, म्हणजे कंपन्यांनी संगनमत करून दर ठरवू नयेत याच्या कामात आलीस तेव्हा कुठे तुला खिडकीजवळचं टेबल मिळालं. मी हे विसरलेलो नाही. तूही विसरू नकोस.

आता तुझ्याच विषयातलं विचारतो. मी पंधराव्या वर्षी शाळा सोडून कौलांच्या भट्टीवर लागलो आणि आज विक्रीप्रमुख आहे. फ्रेंच, हिशेब आणि जरूरीपुरता कायदा मी नगर-वाचनालयात बसून शिकलो. तेव्हा मला अडाणी समजून उत्तर देऊ नकोस. दर तीन महिन्यांनी, पहिल्या गुरुवारी, डाइन्झच्या खाणावळीत चार कारखान्यांची माणसं जमतात: दोन आपल्याकडचे, एक हॉलंडचा, एक फ्रान्सचा. बाम माशाचं जेवण झालं की वसंतात दर किती टक्क्यांनी चढवायचे, पहिलं पत्रक कोणी काढायचं, कोणी पंधरा दिवस थांबायचं, हे ठरतं. कागदावर कोणी काही घेत नाही. मी घेतो. २००९ पासून माझी वही आहे: कोण कुठे बसलं, कोण काय बोललं, सगळं. माझं मत असं की सही नाही तिथे करार नाही, आणि करार नाही तिथे कायद्याला काम नाही. मी बरोबर आहे की नाही, एवढंच कळव. पुढच्या तीन पानांत तपशील तारीखवार दिला आहे.

थंडीत माझा गुडघा कुरकुरतो. लोभ आहेच, तो तसाच चालू राहू दे.

तुझा दादा,
विल्फ्रीड

---

ब्रसेल्स, १२ ऑक्टोबर २०१७

ती. दादा यांस सा. न.

तुझी चारही पानं याच पाकिटात परत पाठवते आहे. त्यातल्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. या विषयावर मला पत्र लिहू नकोस, फोन करू नकोस, घरी येऊनही बोलू नकोस. पत्र तू बहिणीला लिहिलं आहेस. वकिलाला सांगितलेलं गुप्त राहतं. बहिणीला लिहिलेलं राहत नाही. आणि मला तुझी वकील होता येत नाही. गेंटमध्ये श्रीमती व्हान होरेबेके नावाच्या वकील आहेत. त्यांचा पत्ता मागे लिहिला आहे.

गुडघ्याला लोकर बांध. माझ्यावरचा राग फार दिवस धरू नकोस.

तुझी,
अनेलोर

---

कोर्त्रेक, २६ नोव्हेंबर २०१७

अनेलोर हिस आशीर्वाद. वि. वि.

चुकीच्या पत्त्यावर आलेलं बिल परत करावं तसं भावाचं पत्र, त्यात प्रश्न दिसताच, पुढे न वाचता परत केलंस. मोठ्या फर्मची रीत कळली. पंधरा दिवस मी तुझ्या नावाने बोटं मोडत होतो, तेही लिहून ठेवतो.

मग वाचनालयात गेलो आणि तुझा कायदा स्वतः वाचला. माझं मत चुकीचं होतं. सही लागत नाही. चार माणसांनी जेवणानंतर मान डोलावली तरी पुरते. त्याच दुपारी गेंट गाठलं. वकीलबाई म्हणाल्या की चौघांतला जो पहिला ब्रसेल्सच्या युरोपीय आयोगाकडे जाऊन कबूल करेल त्याचा दंड माफ होतो, बाकीचे भरतात. देवाले साहेब, म्हणजे आमचे मालक, तीन दिवस ओरडत होते, की वही लिहायला तुला सांगितलं कोणी. चौथ्या दिवशी म्हणाले, वही घेऊन ये.

कबुली तोंडीच द्यायची असते. कागद केला तर तो उद्या परदेशातलं एखादं कोर्ट मागू शकतं, म्हणून आपण बोलायचं आणि त्यांचं ध्वनिमुद्रणाचं यंत्र ऐकणार. दोन दिवस बोललो. बाहेर कोणाला सांगितलं होतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बहिणीला लिहिलं होतं, तिने न वाचता परत केलं.

याहून जास्त सांगण्याची मला परवानगी नाही, आणि तुला ऐकण्याची हौस नाही. जानेवारीच्या पाटीसाठी शुभेच्छा.

विल्फ्रीड

---

ब्रसेल्स, २१ जानेवारी २०१८

ती. दादा यांस सा. न.

बाकीच्या तीन कारखान्यांत आयोगाची माणसं गेली, हे पेपरात आलं. फर्मने मला बोलायची मोकळीक दिली, म्हणून आज लिहिते.

पत्र मी न वाचता परत केलं, हे खरं नाही. कौलं विकत घेणाऱ्या एका बांधकाम कंपनीला तुमच्या चौघांचा संशय होता. ती कंपनी आमची अशील होती, आणि सप्टेंबरपासून ते काम माझ्याकडे होतं. तुझं पत्र मी ट्रॅममध्ये उघडलं आणि दोन थांबे पुढे गेले. दुसऱ्या दिवशी ते क्लासेन्स साहेबांसमोर ठेवलं. मला भागीदार करायचं हे त्यांनीच मांडलं होतं. त्यांनी आधी एकच विचारलं, की पत्र वाचताना तू कुठे थांबलीस. म्हणाले, नुसतं अभिनंदन आहे तिथेच थांबली असशील, तर पत्र परत कर, काम तुझ्याकडेच राहील. विचारून ते खिडकीकडे बघत राहिले. मला वेळ दिला. मी म्हणाले, सहीपर्यंत वाचलं.

विरुद्ध बाजूचं गुपित आमच्याकडे पोचलं होतं, म्हणून फर्मला ती अशील सोडावी लागली. सगळ्यात मोठी होती. पाटीवर नवं नाव लागलं, ते माझं नाही. तुला त्या वेळी यातलं काही सांगितलं असतं, तर ती अशिलाशी बेइमानी झाली असती.

मार्चपासून लूव्हेनच्या एका रुग्णालयात रुग्णांच्या माहितीची राखण करणार आहे. मे महिन्यात त्याचाच नवा कायदा लागू होतो आहे, आणि आता भांडी घासणाऱ्यांना मागणी आली आहे. तू वाईट वाटून घेऊ नकोस. माया असू दे.

अनेलोर

---

कोर्त्रेक, २४ जानेवारी २०१८

प्रिय अनेलोर हिस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. म्हणजे १४ नोव्हेंबरला, जेवणानंतर, आयोगाच्या यंत्रासमोर मी चुकीचं बोललो. गेंटच्या बाई म्हणतात, बारीकशी गोष्ट आहे, पुन्हा कोणी विचारणार नाही. उलट ते उकरलं तर लोक म्हणतील, बहिणीने आतून खबर दिली म्हणून हे पहिले पोचले. देवाले साहेबही तेच म्हणाले, फक्त शिव्यांसकट. दोघांचं ऐकून घेतलं.

येत्या सोमवारी सकाळच्या सात बाराच्या गाडीने ब्रसेल्सला जातो आहे. वेळ मागून घेतली आहे. तिथे कागद नेता येत नाही, म्हणून वाक्य पाठ केलं आहे: माझ्या बहिणीने पत्र सहीपर्यंत वाचलं, दुसऱ्या दिवशी आपल्या फर्मला तसं सांगितलं, त्यात तिची जागा गेली, आणि मला तिने एका शब्दाने काही कळू दिलं नाही.

गाडीतून उतरल्यावर तुझ्याकडे यावं का, हे कळव. नाही म्हणालीस तरी चालेल.

तुझा दादा,
विल्फ्रीड